ऑर्केस्ट्राचं बिऱ्हाड हलवताना

गॅदरिंगला आठ दिवस राहिले होते आणि माझ्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली. २५६ जीबीपैकी जेमतेम ३ जीबी शिल्लक! रूममेटनं सल्ला दिला, "अगं, ती तुझी गाण्याची फोल्डर्स एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाक ना. कट-पेस्ट, दोन मिनिटांचं काम." मी टाकली. ते दोन मिनिटांचं काम निस्तरायला सहा रात्री गेल्या आणि एकदा सायखेड्याला जाऊन यावं लागलं.

आपल्या हॉस्टेलमध्ये दर मजल्यावर एक तरी जण कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. त्या सगळ्यांवर हा प्रसंग कधी ना कधी येणारच. म्हणून हा लेख. ज्यांना संगीताशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी गोष्ट आहे ती सामान हलवण्याची.

सँपल लायब्ररी म्हणजे काय?

२०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन खऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून संगीत वाजवून घेतलं. आपल्या बँडकडे एक कीबोर्ड, एक गिटार आणि एक लॅपटॉप. तरीही गॅदरिंगच्या गाण्यात व्हायोलिन वाजतात, बासरी वाजते. ती कुठून येतात? कुणीतरी खरा वादक बसवून त्याचा एकेक सूर वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. हळू, मध्यम, जोरात, सगळ्या तऱ्हांनी. आपण पट्टी दाबली की सॉफ्टवेअर त्यातला नेमका सूर काढून वाजवतं. या एकेका रेकॉर्डिंगला सँपल म्हणतात आणि सगळ्या संचाला सँपल लायब्ररी.

उदाहरण घ्या. 'सॅलमँडर ग्रँड पियानो' नावाची एक फुकट लायब्ररी आहे. अलेक्झांडर होल्म यांनी यामाहा सी-५ पियानोवरून ती केली. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी दर तिसरी पट्टी, म्हणजे ३० पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी १६ वेगवेगळ्या जोरांत वाजवलेली. ३० गुणिले १६, झाली ४८० सँपल्स. मधल्या पट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर शेजारचाच सूर थोडा वरखाली करून घेतं.

आता आकार काढू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे दर सेकंदाला ४८,००० आकडे, प्रत्येकी ३ बाइट. स्टिरिओ असेल तर दुप्पट. म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, मिनिटाला साधारण १७ एमबी. पियानोचा खालचा सूर पुरता विझायला अर्धा मिनिटही घेतो. असा हिशोब व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट सगळ्यांना लावा, म्हणजे एखादी मोठी ऑर्केस्ट्रा लायब्ररी शेकडो जीबी का होते ते कळेल. माझ्याकडे अशा विकत आणि फुकट मिळून ६० जीबी होत्या.

आणि एक होती फक्त १०४ एमबीची. सगळी कथा तिचीच आहे.

सायखेड्याचा पखवाज

तबल्याच्या लायब्ररी पुष्कळ मिळतात. पण भजनात वाजतो तसा पखवाज, डाव्या पुडीला कणीक लावलेला, तो मला हवा तसा कुठे मिळेना. माझं आजोळ सायखेडा, निफाड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं. मामांच्या भजनी मंडळात एक पखवाजवाले बाबा आहेत. मागच्या मे महिन्यात सीनियरकडून रेकॉर्डर उसना घेतला आणि मामांच्या माडीवर चारी बाजूंनी गोधड्या लटकवून स्टुडिओ केला. दिवसभर ट्रॅक्टरचे आवाज, म्हणून काम रात्री अकरानंतर.

ता, दीं, थुं, ना, क, घे असे सहा बोल. प्रत्येक बोल चार जोरांत, आणि प्रत्येक जोर पाच वेळा, कारण तीच थाप पुन्हा पुन्हा वाजली की कानाला मशीनसारखी लागते. ६ गुणिले ४ गुणिले ५, झाल्या १२० थापा. एक माइक जवळ, एक लांब, म्हणून २४० फाइल्स. दर थापेनंतर तीन सेकंद सगळ्यांनी श्वास रोखून गप्प बसायचं. बाबा वैतागले. म्हणाले, "पोरी, अशी एकेक थाप मारून कधी भजन होतं का?" पण वाजवलं त्यांनी. तीन रात्री वाजवलं.

पावसाळ्यानंतर त्यांचा उजवा हात उचलेनासा झाला. आता ते भजनाला येतात, टाळ धरून बसतात.

बिघाड पहिला : पत्ता हरवला

कट-पेस्ट झाल्यावर मी गाण्याचा प्रोजेक्ट उघडला. स्क्रीनवर खिडकी आली: सँपल्स सापडत नाहीत. माझ्या पोटात गोळाच आला. फोल्डर तर समोर हार्ड डिस्कवर दिसतंय, मग सापडत नाही म्हणजे काय?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लायब्ररी म्हणजे दोन वस्तू असतात. एक म्हणजे माल, म्हणजे आवाजाच्या फाइल्स. दुसरी म्हणजे पत्ता, म्हणजे त्या फाइल्स कुठे ठेवल्यात याची सॉफ्टवेअरजवळची नोंद. आपण कॉपी करतो तेव्हा फक्त माल हलतो. पत्त्याची वही जुनीच राहते. नाशिकला पूर आला की सायखेड्यात मामांच्या घरी खालचं सामान माडीवर चढवतात. पाणी ओसरल्यावर दोन दिवस कुणाला चहा-साखरेचा डबा सापडत नाही. डबा घरातच असतो, पण हात सवयीनं जुन्या फळीवर जातो. तसंच हे.

ही वही एकाच ठिकाणी नसते, ही खरी गोम. ती तीन ठिकाणी असू शकते.

पहिली, वाद्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये. माझा पखवाज 'एसएफझेड' पद्धतीचा आहे. ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात सँपलचा पत्ता "माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये" असा सापेक्ष लिहिता येतो. असा पत्ता असला की पूर्ण फोल्डर उचलून कुठेही ठेवा, काही बिघडत नाही. मात्र त्यातली अर्धी फोल्डर्स इकडे आणि अर्धी तिकडे करायची नाहीत.

दुसरी, सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅनेजरमध्ये. काँटॅक्टच्या लायब्ररींची नोंद 'नेटिव्ह ॲक्सेस' ठेवतं. तिथे हलवलेली लायब्ररी सापडत नाही असं दिसतं आणि नवीन जागा दाखवायची सोय असते. स्पिटफायरसारख्या कंपन्यांच्या ॲपमध्येही तशी सोय आहे. एक चूक बरेच जण करतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन डाउनलोडची जागा बदलतात आणि वाट बघत बसतात. त्यानं फक्त यापुढचं डाउनलोड नवीन जागी जातं, जुनं सामान आपण होऊन चालत जात नाही! मॅकवर लॉजिक वापरणाऱ्यांचं मात्र सुख आहे. त्यात 'रिलोकेट साउंड लायब्ररी' म्हणून आज्ञाच आहे, माल आणि पत्ता दोन्ही तीच हलवते.

तिसरी, तुमच्या गाण्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये. इथे बहुधा पूर्ण पत्ता असतो, अगदी ड्राइव्हच्या अक्षरापासून. माझं वाद्य नवीन जागी व्यवस्थित होतं, पण प्रोजेक्ट त्याला सी ड्राइव्हमध्येच शोधत होता. नवीन जागा दाखवली, प्रोजेक्ट उघडला. मी सुटकेचा श्वास सोडला. जरा लवकरच सोडला.

बिघाड दुसरा : माल हरवला

प्रॅक्टिसला गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात पखवाजाचा ठेका लंगडला. ता वाजतोय, दीं वाजतोय, थुं गायब! फोल्डर उघडून बघितलं तर थुंच्या आणि घेच्या मिळून ३१ फाइल्स खराब. काही शून्य केबीच्या, काही उघडतच नव्हत्या. मग आठवलं. कट-पेस्ट चालू असताना कुणीतरी टेबल ओढलं होतं आणि केबल जराशी हलली होती. मी पुन्हा खोचली आणि पुढे चालू केलं.

कट-पेस्टमध्ये जोखीम हीच. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर 'कट' म्हणजे मुळात कॉपीच असते, वर जुनं पुसून टाकायचं. मधे अडथळा आला तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. शिवाय कॉम्प्युटर काही वेळा "झालं" असं सांगतो तेव्हा शेवटचा माल अजून मेमरीत असतो, डिस्कवर उतरलेला नसतो. म्हणून तर 'सेफली रिमूव्ह' करायचं. कॉपी केली असती तर ३१ फाइल्स मूळ जागी शाबूत असत्या. मी कट केलं होतं.

ऑर्केस्ट्राच्या ६० जीबीला धक्काही लागला नव्हता. आणि लागला असता तरी काय? कंपनीच्या अकाउंटवरून रात्रभरात पुन्हा डाउनलोड झालं असतं. गेला तो पखवाज, जो कुठल्याच सर्व्हरवर नव्हता. आणि वाजवणारा हात आता उचलत नव्हता.

मामींचा नियम

रविवारी सायखेडा गाठलं. कशासाठी, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. मामींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तुझं बारकं कार्ड ना? ते डब्यात आहे."

रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड मी मे महिन्यात माडीवरच विसरले होते. मामींनी ते उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं, सातबारा, रेशनकार्ड आणि लग्नाच्या फोटोंसोबत. हा डबा कायम माळ्यावर असतो. सायखेडा आणि समोरचं चांदोरी यांनी ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचा मोठा पूर सोसला. गंगापूर आणि दारणा ही धरणं वरच्या अंगाला, म्हणून विसर्ग वाढल्याची बातमी आली, नाशिकचा दुतोंड्या मारुती बुडायला लागला, की घरात आवराआवर सुरू होते. मामींचा नियम ठरलेला आहे. "गव्हाचं पोतं भिजलं तर दुसरं भरता येतं गं. सातबारा आधी वर."

माझ्या इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत बॅकअपवर याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. मी ६० जीबीच्या गव्हाची काळजी करत बसले आणि १०४ एमबीचा सातबारा सगळ्यांबरोबर ढकलून दिला.

कार्डवर तीन रात्रींची सलग रेकॉर्डिंग्ज होती, न कापलेली, बाबांच्या कुरबुरीसकट. त्यातून ३१ थापा पुन्हा शोधून, कापून, नावं देऊन भरल्या. कष्ट झाले, पण थुं वाजला.

मग हलवायचं कसं?

माझ्या चुकांतून तयार झालेला क्रम देते. रूमच्या दारामागे चिकटवलात तरी चालेल.

१. आधी यादी करा. प्रत्येक लायब्ररीपुढे एकच प्रश्न: ही पुन्हा मिळेल का? जी मिळणार नाही (स्वतः रेकॉर्ड केलेली, कुणी दिलेली, कंपनीनं बंद केलेली) तिची आधी वेगळी कॉपी दुसरीकडे ठेवा. मगच पुढे.

२. नवीन डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे ते बघा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसतच नाही, आणि लायब्ररींच्या फाइल्स बऱ्याचदा तेवढ्या असतात. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस. मॅकवर एनटीएफएस वाचता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून दोन्हीकडे हवी असेल तर एक्सफॅट. मात्र एक्सफॅट डिस्क मधेच उपटली तर नुकसानाची शक्यता जास्त. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

३. डिस्कला कायमचं अक्षर द्या. आज पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून तुमची डिस्क 'एफ' झाली, उद्या 'ई' झाली, की पत्ता पुन्हा चुकला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटचं एखादं अक्षर द्या. मी सँपलचा 'एस' दिलाय. मॅकवर अक्षराऐवजी डिस्कचं नाव चालतं, तेव्हा ते एकदा ठेवलं की बदलू नका.

४. कॉपी करा. कट नाही! लॅपटॉप चार्जिंगला, स्लीप बंद, केबल कुणाच्या पायात येणार नाही अशी. यूएसबी २ च्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ६० जीबीला साधारण अर्धा तास. यूएसबी ३ असेल आणि डिस्क १०० एमबीचा वेग देत असेल तर दहा मिनिटं.

५. पडताळा घ्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळतात का बघा. पण आकार जुळला म्हणजे आतला मजकूर जुळलाच असं नाही. टेराकॉपीसारखं साधन दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ताडून बघतं. चेकसम म्हणजे फाइलच्या सगळ्या बिट्सवरून काढलेला एक आकडा. एक बिट बदलला तरी आकडा बदलतो. लागतो तो वेळ लागू द्या.

६. जुन्या फोल्डरचं नुसतं नाव बदला, पुढे 'जुने' जोडा. पुसू नका. आता सॉफ्टवेअरला जुना माल सापडणार नाही, त्यामुळे नवीन पत्ता खरोखर लागलाय की नाही ते लगेच कळेल. मॅनेजरमध्ये जागा दाखवा, मग प्रोजेक्ट उघडा. काँटॅक्टच्या पूर्ण आवृत्तीत 'बॅच री-सेव्ह' आहे. त्यानं फोल्डरमधल्या सगळ्या वाद्यांना नवीन पत्ता एकदम लिहिला जातो, एकेकाला सांगत बसावं लागत नाही.

७. आठवडाभर काम करा. प्रत्येक वाद्याची प्रत्येक पट्टी, हळू आणि जोरात, एकदा तरी वाजवा. मगच 'जुने' पुसा.

एखादं जुनं सॉफ्टवेअर नवीन पत्ता घ्यायलाच तयार नसतं. त्याच्यासाठी एक युक्ती आहे. जुन्या जागी खऱ्या फोल्डरऐवजी त्याच नावाची एक पाटी लावायची, जी सॉफ्टवेअरला परस्पर नवीन जागी पाठवते. बिऱ्हाड बदलल्यावर पोस्टात अर्ज देतो तसं. विंडोजवर याला जंक्शन म्हणतात आणि 'एमकेलिंक' ही आज्ञा 'जे' पर्यायासह वापरतात. आधी जुनी जागा, मग नवीन. मॅकवर 'एलएन' आज्ञा 'एस' पर्यायासह, आणि क्रम उलटा: आधी नवीन, मग जुनी. सॉफ्टवेअरला वाटतं माल होता तिथेच आहे.

गाणं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर न्यायचं असेल तर एबलटनचं 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' किंवा एफएल स्टुडिओचं 'झिप्ड लूप पॅकेज' वापरा. गाण्यात वापरलेल्या ऑडिओ फाइल्स प्रोजेक्टबरोबर गोळा होतात. विकतच्या मोठ्या लायब्ररी मात्र त्यात येत नाहीत. त्यांचं लायसन्स अकाउंटला बांधलेलं असतं, ते दुसऱ्या मशीनवर वेगळं द्यावं लागतं.

साधी हार्ड डिस्क चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. हिशोबच करू.

लायब्ररी पूर्ण रॅममध्ये मावत नाही. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक सँपलचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतं आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढतं. १९९८ मध्ये आलेल्या गिगासँपलरनं ही पद्धत रूढ केली. पेडल दाबून पियानो वाजवताना ६० आवाज एकदम चालू राहणं सहज शक्य आहे. प्रत्येकी सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे एकूण सुमारे १७ एमबी. हार्ड डिस्क तर सेकंदाला १०० एमबी देते! मग आवाज तुटतो का?

कारण हार्ड डिस्कमध्ये सुई असते, म्हणजे हेड. ६० आवाजांच्या फाइल्स ६० ठिकाणी. खिशातल्या हार्ड डिस्क बहुतेक ५४०० फेऱ्यांच्या. एका फेरीला ११.१ मिलिसेकंद, हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ५.६. सुई हलायला साधारण दहा-बारा. एकूण १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ६० वेळाच वाचता येतं. सॉफ्टवेअर एका वेळी ६४ केबी उचलतं असं धरलं तर प्रत्येक आवाजाला सेकंदाला साडेचार खेपा, ६० आवाजांना २६० च्या वर. हवेत २६०, मिळतात ६०. कमी पडतो तो वेग नव्हे, खेपा! एसएसडीमध्ये सुईच नाही, एका खेपेला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. तिथे प्रश्न संपला.

म्हणून सोपा नियम. वाजवायला एसएसडी, साठवायला हार्ड डिस्क. एसएसडी परवडत नसेल तर प्रीलोड बफर वाढवा (रॅम जास्त लागेल), किंवा झालेले ट्रॅक फ्रीज करा. फ्रीज केलं की साठ फाइल्सच्या जागी एकच फाइल वाचावी लागते.

आणि शेवटचं. जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच सॅकमध्ये असतील तर ती एकच कॉपी समजा. माझा पखवाज आता लॅपटॉपवर आहे, क्लाउडवर आहे आणि एक मेमरी कार्ड सायखेड्याला माळ्यावरच्या डब्यात आहे, सातबाऱ्याशेजारी.

गॅदरिंगला गाणं झालं. त्याचं रेकॉर्डिंग मामांनी बाबांना मोबाइलवर ऐकवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "थुं जरा ढिला पडतोय. त्या दिवशी कणीक सुकली होती."

तेवढी दुरुस्ती आता होणार नाही. बाकी सगळं जागेवर आहे. तेव्हा मित्रांनो, सी ड्राइव्ह लाल व्हायची वाट बघू नका. आजच यादी करा, आणि सातबारा आधी वर!